बौद्ध व्हायचंय, घर वारकरी आहे: काय करावं?

नमो बुद्धाय.

तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात, नोकरी पिंपरी-चिंचवडला, गाव सातारा जिल्ह्यात. घर वारकरी, वडील दरवर्षी आषाढीला पायी जातात. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंत, मग वाचन सुरू झालं, आणि आता बौद्ध व्हायचं मनात पक्कं होत आलंय. अर्ज कुठे करायचा, नाव बदलावं लागतं का, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घ्याव्याच लागतात का, मटण सोडावं लागतं का, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत. शेवटी एक ओळ आहे: "आमची जात ओपनमधली, त्यामुळे विहारात मला कसं घेतील आणि घरचे काय म्हणतील याची धास्ती वाटते."

मी बौद्धाचार्य आहे. नागपुरात आमच्या वस्तीतल्या विहारात लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदनाचे (मृतांच्या स्मरणार्थ पुण्य अर्पण करण्याचे) विधी करतो, आणि दीक्षा घ्यायला येणाऱ्यांशी आधी बसून बोलायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, पहिल्या चार प्रश्नांना फार वेळ लागत नाही. तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि बहुतेक लोक तो शेवटीच विचारतात. म्हणून मी वेळ तिथे देणार आहे.

आधी सरळ उत्तर. कपिलवस्तूच्या निग्रोधारामात महानाम शाक्याने भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, हेच विचारलं होतं, की माणूस उपासक, म्हणजे बुद्धाचा गृहस्थ अनुयायी, कशाने होतो? भगवंत म्हणाले, बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण गेला की तो उपासक. महानामाने पुढे विचारलं, मग उपासक शीलवान कधी होतो? उत्तर आलं, जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि मद्य यांपासून दूर राहिला की. अर्ज, फी, नवं नाव, डोक्यावर पाणी, यातलं काहीही त्या उत्तरात नाही. मला त्या संवादातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: शरण जाणं आणि शील पाळणं या दोन पायऱ्या भगवंतांनी वेगळ्या ठेवल्या. आधी निर्दोष व्हा आणि मग या, असं ते म्हणाले नाहीत. "माझी दारू अजून पूर्ण सुटली नाही, मी पात्र आहे का?" असं विचारणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी हाच संवाद सांगतो.

प्रत्यक्ष विधी कसा असतो तेही सांगतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीचीच भीती जास्त असते. विहारात सतरंजीवर बसायचं, शक्यतो पांढरे कपडे. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. तुम्ही हात जोडून याचना करता, "ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि". भन्ते, म्हणजे भिक्खू, म्हणतात, "यमहं वदामि तं वदेथ" (मी म्हणतो तसं म्हणा). तुम्ही म्हणता, "आम भन्ते". मग तीनदा "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स", त्यानंतर त्रिसरण, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं, तीनदा, मग पंचशील, म्हणजे वर सांगितलेली पाच शीलं. पहिल्यांदा म्हणणाऱ्याची जीभ "वेरमणी सिक्खापदं समादियामि"वर हमखास अडखळते, भन्ते थांबतात, पुन्हा म्हणून घेतात. कुणी हसत नाही. मी प्रत्येक शीलानंतर मराठीत अर्थ सांगून क्षणभर थांबतो, म्हणजे आपण काय कबूल केलं ते माणसाला नीट कळतं. त्यानंतर बावीस प्रतिज्ञा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

आणि एक सांगू? हे त्रिसरण आणि पंचशील तुम्ही आधीच एकदा म्हटलेलं आहे. इगतपुरीच्या शिबिरात सुरुवातीलाच ते म्हणवून घेतात. फक्त तिथे ते शिबिरापुरतं असतं आणि तिथे कुणाला धर्म बदलायला सांगत नाहीत. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी आयुष्यभर तसं स्पष्ट सांगत आले. म्हणजे शिबिर केल्याने तुम्ही बौद्ध झालात असं नाही, पण रस्ता तुमच्या पायाखालचा आहे.

आता बावीस प्रतिज्ञा. घ्याव्याच लागतात का, तर याचं उत्तर तुम्ही कुठल्या वाटेने येता यावर अवलंबून आहे. श्रीलंकेत, थायलंडमध्ये किंवा तिबेटी परंपरेत शरण जाणाऱ्याला या प्रतिज्ञा नसतात. परदेशात राहणारे आपले मराठी लोक सिंहली किंवा थाई विहारात जातात, तिथे हेच पाली त्रिसरण आणि पंचशील कानावर पडतं आणि तेवढ्यावर ते उपासक होतात. त्यात काही कमी नाही. पण महाराष्ट्रात बौद्ध होणं म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सुरू झालेल्या प्रवाहात उतरणं. त्या दिवशी बाबासाहेबांनी कुशिनाराचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतलं आणि मग स्वतः, एक गृहस्थ उपासक म्हणून, समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि या प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. दोन दिवसांनी चंद्रपूरला तसंच झालं. १९५१ च्या जनगणनेत देशभरात दोन लाखांच्या आत असलेले बौद्ध १९६१ ला बत्तीस लाखांच्या वर गेले. आज देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन जण महाराष्ट्रातले आहेत. तुम्ही पिंपरीत राहून बौद्ध होणार म्हणजे या माणसांत येणार.

माझं मत विचाराल तर प्रतिज्ञा घ्या, पण आधी घरी बसून एकेक वाचा. त्या घाईने म्हणण्यासारख्या नाहीत. पहिल्या काही प्रतिज्ञा सोडण्याच्या आहेत: ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानून उपासना करणार नाही, देवाने अवतार घेतला हे मानणार नाही, श्राद्धपक्ष-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवणार नाही. नववी आणि दहावी समतेची. त्यापुढे अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता (सद्गुण), प्राणिमात्रांवर दया, आणि चोरी, व्यभिचार, असत्य, दारू यांचा त्याग. एकोणिसावी हिंदू धर्माचा त्याग करून बुद्धाचा धम्म स्वीकारण्याची. बाहेरच्या लोकांना वाटतं की बावीस प्रतिज्ञा म्हणजे देवांना नकार, बस. माझ्या मते सगळ्या प्रतिज्ञा नवव्या-दहाव्यावर उभ्या आहेत: सगळी माणसं समान आहेत हे मी मानतो, आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं ते याचसाठी, आणि त्यानंतर दीक्षेपर्यंत एकवीस वर्षं अभ्यास केला, श्रीलंका-ब्रह्मदेश पाहिला, तेही याचसाठी. त्यामुळे मी दीक्षार्थ्याला पहिला प्रश्न "देव सोडणार का?" असा विचारत नाही. "जात कुठे कुठे सोडणार?" असं विचारतो.

तुमच्यासाठी हाच अवघड भाग असणार आहे. अस्पृश्यतेचा चटका सोसलेल्या घरातून माणूस येतो तेव्हा दीक्षेत तो डोक्यावर लादलेलं ओझं खाली टाकतो. तुम्ही ज्या घरातून येता तिथे जातीने तुम्हाला काही त्रास दिला नसेल, उलट नकळत बरंच काही दिलं असेल. गावात तुमच्या आडनावाला मिळणारा मान, पंगतीत बसायची जागा, स्थळं बघताना "आपल्यातलीच बघा" हे वाक्य, जातीचा व्हाट्सअॅप ग्रुप, वधू-वर मेळावा. बोचत नसलेली गोष्ट सोडायची आठवणसुद्धा होत नाही. देव्हाऱ्यासमोर हात न जोडणं महिनाभरात जमून जातं. लग्न ठरवताना पत्रिका आणि जात बाजूला ठेवणं, मामा-आत्यांच्या बैठकीत तसं मोकळेपणाने बोलणं, तिथे खरा कस लागतो. तुमचं लग्न अजून व्हायचं असेल तर हा विचार दीक्षेच्या आधीच करा. दीक्षा घेतली आणि वर्षभरात जातीतलं स्थळ बघून वैदिक पद्धतीने बोहल्यावर चढले, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. त्या मुलांचा हेतू खोटा नव्हता. काय सोडायचं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं.

विहारात कसं घेतील? बहुतेक ठिकाणी आनंदाने घेतील. चहा येईल, चौकशी होईल, कुणीतरी आजी पाठीवरून हात फिरवेल. काही जण थोडे अंतर ठेवून बघतील, "हा इकडे कशाला आला?" असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. त्याचा राग मानू नका. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून ते आलेलं आहे आणि तुमच्या नियमित येण्यानेच ते जाईल. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. शिबिर करून, पुस्तकं वाचून येणाऱ्या काही नव्या लोकांना विहारात पाय ठेवताच शिकवायची घाई होते. "इथे ध्यान का होत नाही?", "बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो कशाला?", "तुम्ही धम्मात राजकारण आणता." असं बोलू नका. ज्या माणसाने बुद्ध या लोकांच्या दारापर्यंत आणला त्याचा फोटो तिथे आहे. रविवारी वंदनेला बसलेली ती बाई कदाचित आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकलेली नसेल, पण तिच्या आजे-सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा गावाने काय केलं ते तिला माहीत आहे. तिच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पहिलं वर्ष ऐका, सतरंज्या घाला, भोजनदानाला वाढा.

तुमच्या गावी बौद्ध वस्ती असेलच. तिथल्या विहारात तुम्ही कधी गेला आहात का? तिथे कुणाच्या घरी बसून जेवला आहात का? पिंपरीत ओळख नसलेल्या विहारात जाणं सोपं आहे, तिथे तुम्ही कुणाचे कोण हे कुणाला ठाऊक नाही. गावातल्या विहारात पाटीलवाड्यावरून चालत जाणं अवघड आहे. मला विचाराल तर दीक्षेच्या आधी एकदा तरी तिथे जा, बुद्ध पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला. शाळेतला कुणी मित्र त्या वस्तीत असेल तर त्याच्याबरोबर जा. तुमच्या घरी ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचेल हे धरून चला. ती तशी पोचावी, लपूनछपून नको.

आता घर. इथे मी ठाम नियम सांगू शकत नाही. तुम्ही आई-वडिलांबरोबर राहता की वेगळे, ते तुमच्यावर अवलंबून आहेत का, भाऊ-बहीण आहेत का, यावर बरंच ठरतं. तरी सगळ्यांना लागू पडेल असं एक उदाहरण सुत्तपिटकात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात, आहे. उपाली नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, पुढारी उपासक होता. भगवंतांशी वाद घालायला आला आणि त्यांचं बोलणं पटून तिथेच शरण जायला निघाला. भगवंत त्याला म्हणाले, नीट विचार करा, तुमच्यासारख्या नावाजलेल्या माणसाने विचार करूनच पाऊल टाकावं. तो तरीही ठाम राहिला, तेव्हा ते म्हणाले, तुमचं घर निगंठांना आजवर पाणवठ्यासारखं राहिलं आहे, ते दारात आले तर त्यांना भिक्षा देत राहा. घरच्यांशी कसं वागावं असं कुणी विचारलं की मी हाच प्रसंग सांगतो. स्वतः काय मानायचं याबद्दल पक्कं राहायचं, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचं ताट ओढायचं नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय? गावचं घर आई-वडिलांचं आहे, तिथला देव्हारा त्यांचा आहे, त्याला तुम्ही हात लावायचा नाही. आई सकाळी पूजा करून तीर्थ द्यायला आली तर एकदाच शांतपणे सांगा, "आई, मी आता घेत नाही, तुझं तू कर." रोज त्यावर चर्चा नको, भाषण तर अजिबात नको. सत्यनारायण असेल त्या दिवशी पूजेला बसू नका, पण आलेल्या माणसांना पाणी द्या, वाढायला उभे राहा. पिंपरीच्या तुमच्या खोलीत तुमचं स्वतःचं मांडा: छोटी बुद्धमूर्ती, सकाळी फुलं, मेणबत्ती, पाच मिनिटं वंदना, जमेल तेवढं आनापान. घरचे आले की ते त्यांना दिसेल. सांगण्यापेक्षा असं दिसलेलं लवकर पचतं.

वारीचं म्हणाल तर वडिलांना लोणंदला पालखीत नेऊन सोडायचं असेल तर सोडा. पिशवीत औषधं भरून द्या, पायांना चांगले बूट घेऊन द्या, रोज रात्री फोन करा. ही विठ्ठलाची उपासना होत नाही, ही वडिलांची सेवा आहे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण ओल्या कपड्यांनी रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करायचा, कारण वडिलांनी मरताना तसं सांगितलं होतं. भगवंतांनी त्याला वडिलांचा शब्द मोडायला सांगितलं नाही. दिशांना अर्थ दिला: पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुलं, उत्तर म्हणजे मित्र, खाली राबणारी माणसं, वर श्रमण-ब्राह्मण. या सगळ्यांशी नीट वागणं हाच नमस्कार. आई-वडिलांना सांभाळणं त्यात सगळ्यात आधी येतं.

वारकरी घरात एक युक्तिवाद हमखास होईल, म्हणून आधीच सावध करतो. "विठोबा म्हणजेच बुद्ध. दशावतारात नववा. मग वेगळं व्हायची गरज काय?" पांडुरंग म्हणजे मुळात बुद्धच, असं मत बाबासाहेबांनीही २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना मांडलं होतं. पण ते इतिहासाबद्दलचं मत होतं. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी खोटं समजतो, ही पाचवी प्रतिज्ञा त्यांनीच दिली. तुम्ही या युक्तिवादाचा उपयोग घरच्यांना गप्प करण्यासाठी करू नका आणि स्वतःची समजूत घालण्यासाठीही करू नका. तडजोड म्हणून "दोन्ही एकच" म्हणत राहिलात तर काही काळाने तुम्ही कुठेच नसता. वडिलांना तुकोबांचे अभंग ऐकवायला सांगा, प्रेमाने ऐका, आणि मी हा मार्ग का घेतला ते तुमच्या शब्दांत सांगा.

सगळ्यात कठीण बोलणं श्राद्धाबद्दलचं. आज ते नकोसं वाटेल. पण मी पाहिलेली मोठी भांडणं मयताच्या घरी झालेली आहेत, पाहुणे जमलेले असताना, मुलगा पिंडदानाला नाही म्हणतोय आणि चुलते हात धरून ओढतायत. ते टाळायचं तर वडील धडधाकट असतानाच त्यांच्याशी बोला. माझी पद्धत अशी आहे: वडिलांचा अंत्यविधी त्यांच्या श्रद्धेप्रमाणे होऊ द्यावा, तो मान त्यांचा. खांदा द्या, सगळी धावपळ करा. पिंडदान तुम्ही करू नका, भाऊ किंवा पुतण्या असेल तर त्याने करावं हे आधी ठरवून ठेवा. तुम्ही तुमच्या पद्धतीने भन्तेंना बोलवून पुण्यानुमोदन करा, दान द्या. एकुलते एक असाल तर पेच खरा आहे. त्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा. काही म्हणतात, वडिलांची शेवटची इच्छा पुरवावी. मी पहिल्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: वडिलांना हे त्यांच्या हयातीत, तुमच्या तोंडून कळलेलं असलं पाहिजे. ते कळवायची तयारी नसेल तर दीक्षा थोडी पुढे ढकला. त्रिसरण-पंचशील रोज म्हणायला कुणाची मनाई नाही.

राहिलेले प्रश्न पटकन संपवतो.

मांसाहार: सोडावाच लागतो असं नाही. देवदत्त नावाच्या भिक्खूने सगळ्या भिक्खूंवर शाकाहाराची सक्ती करा अशी मागणी केली होती, भगवंतांनी ती नाकारली. स्वतःसाठी मारलेलं न पाहिलेलं, न ऐकलेलं, तशी शंका नसलेलं मांस भिक्खूंना चालत होतं. तुमच्या मनाने सोडलंत तर चांगलंच. दारूला मात्र पळवाट नाही, ती पाचव्या शीलातही आहे आणि सतराव्या प्रतिज्ञेतही. ऑफिसच्या पार्टीत "एकच घे" म्हणणारे भेटतील. पहिल्या दोन-तीन वेळा अवघड जातं, मग लोक तुमच्यासाठी आपोआप लिंबू सरबत मागवतात. उपजीविकेचं म्हणाल तर शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असं सांगितलेलं आहे. तुमची नोकरी त्यात बसत नाही.

नाव: बदलायची गरज नाही. काही जण आवडीने बदलतात, विशेषतः आडनावावरून जात कळू नये म्हणून. ती तुमची मर्जी.

कागदपत्रं: धम्माच्या दृष्टीने बौद्ध होण्यासाठी सरकारी कागद लागत नाही. नोंद हवी असेल तर दीक्षा देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्या, प्रतिज्ञापत्र करा आणि महाराष्ट्र शासन राजपत्रात धर्मबदल प्रसिद्ध करा. पुढे मुलांच्या शाळेत नाव घालताना "बौद्ध" लिहिता येतं. जनगणनेत तुम्ही सांगाल तोच धर्म लिहिला जातो, तेव्हा संकोचू नका. धर्मांतराचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. गुजरातमध्ये तर बौद्ध धम्म स्वीकारायलाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, तसं परिपत्रक एप्रिल २०२४ मध्ये निघालं. म्हणून दीक्षा घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा वकिलाकडे त्या दिवशीचा नियम विचारून घ्या.

आरक्षणासाठी केलं असं लोक म्हणतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. दीक्षेने कुणाला नवी जात मिळत नाही, त्यामुळे तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. वडिलांना जमिनीची काळजी वाटेल, त्यांना सांगा की १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, वारसाहक्काला धक्का लागत नाही. १९५५ चा विवाह कायदाही तसाच लागू आहे. लग्न बौद्ध पद्धतीने केलंत तर नोंदणी तेवढी न चुकता करा.

आता सुरुवात कुठून? तुम्ही पिंपरीत आहात, देहूरोडचं विहार तुमच्यापासून जवळ आहे. बाबासाहेबांनी बसवलेली मूर्ती तिथेच आहे. एका रविवारी जा, वंदनेला मागे बसा. पाली पाठ लगेच पाठ होणार नाही, छोटी वंदनेची पुस्तिका मिळते ती घ्या. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" शांतपणे, पहिल्या पानापासून वाचा. बाबासाहेबांचं हे शेवटचं पुस्तक, त्यांच्या जाण्यानंतर १९५७ ला आलं. दर पौर्णिमेला उपोसथ करून बघा, आठ शीलं एक दिवस. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, त्या तीन महिन्यांत बऱ्याच विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. यंदाचा वर्षावास पूर्ण बसलात तर तुमचे निम्मे प्रश्न मला विचारावे लागणार नाहीत. ध्यान चालू ठेवा, ते सुटू देऊ नका.

त्यानंतरही ठरलेलं कायम असेल तर दीक्षा तुमच्या देहूरोडच्या विहारातही घेता येईल, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरही घेता येईल. दीक्षाभूमीवर यायचं असेल तर दोन दिवस आधी नागपुरात पोचा, कारण दसऱ्याच्या दिवशी गर्दीत निवांत बोलणं होत नाही. येताना बावीस प्रतिज्ञा वाचून, ज्या अडतात त्यांच्यापुढे खूण करून आणा. त्या खुणांवर आपण बसून बोलू. आणि आई-वडिलांपैकी कुणी बरोबर यायला तयार झालं तर त्यांना नक्की घेऊन या, त्यांच्या राहण्याची सोय आमच्याकडे होईल.